दुधाविना झणझणीत

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा पाठ)



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या या व्याख्यानमालेत माझ्या आधीच्या वक्त्यांनी अनेकांत, कर्मसिद्धांत आणि स्त्रीशिक्षण अशा थोर विषयांवर आपले उद्बोधन केले. माझ्याकडे आहार हा विषय आला. संयोजकांनी ‘सात्त्विक आहार’ असे शीर्षक सुचविले होते. ते मी विनंतीपूर्वक बदलून घेतले. सात्त्विक आहार म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गुरगुट्या भात, त्यावर तुपाची धार आणि फिकी भाजी उभी राहते. आपण कोल्हापूरची माणसे. फिके जेवण आपल्याकडे आजाऱ्याला वाढतात. आणि आजाऱ्याला वाढतात ते जेवण निरोगी माणसाने आनंदाने जेवावे, असा उपदेश करून काही साधत नाही, हे गृहविज्ञान शिकविण्यात आयुष्य गेल्यामुळे मला चांगले ठाऊक आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या अनेक घरांत एक नवा प्रश्न आला आहे. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्या-मुंबईला, बंगळूरला गेलेली मुले सुट्टीला घरी येतात आणि सांगतात, ‘आई, मी दूध सोडले आहे.’ आईने लेकरासाठी राखून ठेवलेले घट्ट दही, घरचे लोणी कढवून केलेले तूप तसेच राहते. आईचे मन दुखावते. आजी म्हणते, आम्ही सात पिढ्या शाकाहारी, आता ही पोरे आम्हाला अहिंसा शिकवणार काय? मुले म्हणतात, तुम्ही आम्हाला शिकवलेत तेच आम्ही पुढे नेत आहोत. दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि मध्ये ताट थंड होत असते. आज मला बोलायचे आहे ते त्या ताटाविषयी.

‘व्हीगन’ हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये निर्माण झाला. मांसाबरोबरच दूध, अंडी, मध असे प्राण्यापासून मिळणारे काहीच न घेणाऱ्या मंडळींनी आपली वेगळी संस्था काढली, तेव्हा डोनाल्ड वॉटसन यांनी तो प्रचारात आणला. शब्द परका आहे, हे मान्य. पण शब्द परका म्हणून विचार परका ठरत नाही. आपल्या दिगंबर परंपरेत रसपरित्याग या तपासाठी सहा रस सांगितले जातात : दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ. या यादीतील पहिले तीन कोणते, हे कृपया ध्यानात घ्यावे. आपल्या श्वेतांबर बंधूंच्या आयंबिलातही दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले पदार्थ या विगई सोडल्या जातात. चैत्रात आणि आश्विनात ओळीचे नऊ दिवस असे आयंबिल करणारी कुटुंबे आपल्या गावातही आहेत. म्हणजे दुधाशिवाय जेवणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपण ती तप म्हणून करीत आलो, ही मुले ती नित्य करू पाहतात, एवढाच फरक. आणि जाता जाता आणखी एक गोष्ट निदर्शनास आणते, त्या सहा रसांत तिखट नाही. मिरीही नाही, पिंपळीही नाही. मिरची तर पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात या देशात आली, तिचा उल्लेख जुन्या ग्रंथांत कसा असेल? तेव्हा झणझणीत खाणाऱ्या श्रावकाने उगीच मान खाली घालण्याचे कारण नाही.

शास्त्राने दूध वर्ज्य केलेले नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मी शास्त्रात नसलेले त्यात घालणार नाही. परंतु आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात एक मोजमाप दिले आहे. ज्यात फळ थोडे आणि घात फार, ते सोडावे. तेथे मुळा आणि ओले आले यांच्याबरोबर लोण्याचाही समावेश आहे. यादी त्या काळाची आहे. मोजमाप मात्र कोणत्याही काळाला लावता येते. प्रश्न असा की आजच्या दुधाला ते लावले तर काय दिसते?

या सभागृहातील अनेकांच्या दारात म्हैस बांधलेली आहे. जिल्ह्याचा सहकारी दूध संघ १९६३ मध्ये स्थापन झाला आणि दहा दिवसांच्या दूधबिलावर कितीतरी मुलांची शिक्षणे झाली. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेले धारोष्ण दूध उभ्याने पिणे ही तर या शहराची ओळख आहे. हे सर्व मी आदराने सांगते. पण ज्यांच्या गोठ्यात म्हैस आहे त्यांना मी वेगळे काय सांगावे? म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही. जन्मलेले रेडकू मादी असेल तर त्याला भविष्य आहे. नर असेल तर? शेतीची कामे ट्रॅक्टरने होऊ लागल्यावर त्याचा उपयोग उरला नाही. त्याच्या वाट्याला दूध किती येते आणि पुढे ते कोठे जाते, हे गोठ्यात कोणी मोठ्याने विचारीत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे; म्हैसवर्ग त्या बंदीबाहेर आहे. आणि आपल्याकडे म्हशीचे दूध पुष्कळ आहे. मुले जे विचारतात ते एवढेच. त्यांच्या प्रश्नाला ‘परदेशी खूळ’ म्हणून बाजूला सारणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्यांचे घर दुधावर चालते त्यांनी उद्या म्हैस विकावी, असेही मी म्हणणार नाही. पोटाचा प्रश्न भाषणाने सुटत नसतो. पंचामृत अभिषेकाचा विषयही मी मुद्दाम काढीत नाही, तो त्यागी आणि विद्वान मंडळींनी हाताळावा. माझा अधिकार स्वयंपाकघरापुरता आहे.

आणि स्वयंपाकघरात शिरले की पहिली भीती पुढे येते. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आता दूध-तूपही नाही, मग चव कशाची? या प्रश्नाचे उत्तर आपल्या भागातील चटणीच्या डब्यात आहे. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करताना आपण रंगासाठी ब्याडगी आणि चवीला संकेश्वरी मिरची घेतो. शेजारच्या घरी ती कांदा-लसूण घालून होते. आपल्याकडे तिच्यात सुके खोबरे, तीळ, धने, जिरे, लवंग, दालचिनी, तमालपत्र, सुंठ, हळकुंड आणि हिंग पडतो. ओले आले आणि ओली हळद न खाणाऱ्या घरांतही सुंठ व वाळलेली हळद चालते, हे आपण जाणताच. पूर्वी आपल्या बायका डंखावर सकाळी पहिला नंबर धरीत, कारण आधीच्या कुटणाराचा लसूण उखळात राहिलेला असे. अजूनही तसेच करावे. या डब्यात प्राण्यापासून आलेला एकही पदार्थ नाही, पूर्वीही नव्हता.

आता मिसळीकडे वळते. मिसळ हा या शहराचा मानाचा पदार्थ आहे आणि जैन घरात ती नीट होत नाही, असा एक समज आहे. समज चुकीचा आहे, पण तो का झाला ते समजून घ्यावे. कटाला दाटपणा आणि किंचित गोडी कांद्याने येते. कांदा नुसता काढून टाकला की कट पाणचट आणि उग्र होतो. म्हणून कांद्याची दोन्ही कामे दुसऱ्या कोणाकडे सोपवावी लागतात. दाटपणासाठी एक वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस आणि अर्धी वाटी तीळ वेगवेगळे खमंग भाजावेत. एकत्र भाजले की तीळ जळतात आणि खोबरे कच्चे राहते. दोन चमचे धने, एक चमचा जिरे, चार लवंगा आणि बोटाच्या पेराएवढी दालचिनी परतून हे सारे बारीक वाटावे. गोडीसाठी सुपारीएवढा गूळ, आंबटपणासाठी चिंचेचा कोळ. तेल चांगले तापल्यावर हिंग नेहमीपेक्षा सढळ घालावा, वाटण तेल सुटेपर्यंत परतावे, आणि चटणी घालण्यापूर्वी गॅस मंद करावा. चटणी जळाली की रंग काळपट होतो आणि घशात ठसका तेवढा उरतो. नंतर उकळते पाणी घालावे, गार नव्हे. तर्री वर येण्यासाठी कट मंद आचेवर निदान वीस मिनिटे राहिला पाहिजे. घाई करणाराने मिसळीच्या वाटेस जाऊ नये.

मोड आलेले कडधान्य अनेक घरांत वर्ज्य असते. तेथे मटकी फक्त भिजवून, मोड येण्यापूर्वी शिजवावी, किंवा वाळलेला पांढरा वाटाणा घ्यावा. वरून कांद्याऐवजी काकडी बारीक चिरून आणि हंगामात कैरीचे तुकडे. बटाट्याची जागा कच्चे केळे उत्तम भरून काढते. पावाबद्दल ज्यांना शंका असेल त्यांनी ज्वारीची भाकरी कुस्करावी. कटात भिजलेल्या भाकरीची सर पावाला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि दही? मिसळीवर दही घालण्याची पद्धत अलीकडे फार वाढली आहे. कच्चा गोरस आणि द्विदल धान्य एकत्र खाऊ नये, हा आपला जुना नियम. मटकी द्विदल आहे. म्हणजे मिसळीवरचे दही आपल्याला मुळातच चालत नव्हते. जैन श्रावकाची मिसळ प्रथमपासून दह्याविना आहे. मुलांना त्यासाठी वेगळे काही करून घालावे लागणार नाही.

दही नसेल तर तोंडाची आग कशाने शमवावी, असा प्रश्न भगिनी नेहमी विचारतात. त्याचे थोडे शास्त्र सांगते. तिखट ही वस्तुतः चव नव्हेच. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य जिभेवरील उष्णता जाणणाऱ्या केंद्रांना चेतवते, त्यामुळे मेंदूला भाजल्याची वर्दी जाते. त्या केंद्रांचा शोध लावल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणून ठसका लागल्यावर तांब्याभर पाणी पिऊनही काही उपयोग होत नाही. दुधातील प्रथिन ही आग चांगली शमवते, हे खरे. पण नारळाचे दूध, शेंगदाणे, तीळ यांतील स्निग्धांशही ते काम बऱ्यापैकी करतो आणि गुळाच्या खड्याने आराम पडतो. आपले शेतकरी खर्ड्यावर घाण्याचे कच्चे शेंगतेल ओतून घेतात आणि शेवटी गूळ तोंडात टाकतात. त्यांना कोणी नोबेल दिले नाही.

खर्ड्याचे नाव निघाले म्हणून सांगते. लसणाविना खर्डा होत नाही म्हणणारांनी तो तव्यावर करून पाहावा. हिरव्या मिरच्या थोड्या तेलात डाग पडेपर्यंत भाजाव्यात, शेंगदाणे, जिरे आणि जाडे मीठ घालून तव्यातच तांब्याच्या बुडाने रगडाव्यात. मिक्सरमध्ये त्याची चटणी होते, खर्डा होत नाही. त्याच्या जोडीला कारळ्याची, जवसाची, तिळाची कोरडी चटणी आणि हुलग्याचे कढण असले की भाकरीला तुपाची आठवण होत नाही. झुणक्याला, कटाच्या आमटीला तर दुधाचा स्पर्शही नसतो. सहज मोजून पाहा, आपल्या रोजच्या तिखट पदार्थांपैकी बहुतेक आधीच या मुलांच्या नियमात बसतात. अडते ते फक्त वरून वाढण्याच्या वस्तूंपाशी.

घराबाहेर गोष्ट थोडी अवघड आहे. कोल्हापूर, सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजी येथे हॉटेलात ‘जैन’ म्हटले की कांदा-लसूण-बटाटा नको, हे पोऱ्यालाही कळते. दूध नको, हे मात्र त्यात येत नाही. ते वेगळे सांगावे. लोणी डोशावर लोणी येणारच. साधा डोसा तेलावर मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. भेळेत कांदा, बटाटा आणि लसणाची चटणी वगळून कैरी, चिंच, हिरवी मिरची वाढवून घेतली की ती काही उणी लागत नाही. भडंग विकत घेताना लसणाचे विचारावे. घरी कढीलिंब, शेंगदाणे, मेतकूट आणि चटणी घालून केलेले भडंग डब्यात भरून प्रवासाला नेणे अधिक बरे. मिसळ सकाळीच खावी. सकाळी कट ताजा असतो, आणि रात्रिभोजनत्यागाचा नियम पाळणाऱ्यालाही अडचण येत नाही. शेव-फरसाणात लसूण असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही; म्हणून मी म्हणते, पिशवीत घरची शेव न्यावी आणि दुकानदाराला संकोच न करता तसे सांगावे. भांडण न करता सांगितले की माणसे ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

पेयांच्या बाबतीत तर आपण सधन आहोत. उन्हाळ्यात गूळ-वेलदोड्याचे कैरीचे पन्हे. कोकणातून घाट चढून आलेला कोकम आगळ आणि नारळाचे दूध यांची सोलकढी, लसणाऐवजी जिरे, हिंग आणि ठेचलेली हिरवी मिरची घालून. ती तिखट जेवणानंतर प्यावी, म्हणजे वर सांगितलेले शास्त्र जिभेला पटते. हंगामात गुऱ्हाळावर उसाचा रस, आले आणि बर्फ घालू नका असे आधीच सांगून. ज्या कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा रस निवळण्यासाठी भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरण्याची पद्धत आहे. गुळाच्या ढेपेतसुद्धा वनस्पतीचेच काम.

खरी अडचण आहे ती चहाची. दुधाचा चहा सोडा म्हटले की मिसळ सोडणारा माणूसही उठून जातो. मी एवढेच सुचवेन की दूध काढून घेतलेला तोच चहा देऊ नये. तो कडू लागतो, आणि पाहुण्याला शिक्षा झाल्यासारखे वाटते. पत्ती निम्मी घालावी, उकळू न देता झाकून ठेवावी, अंगणातला गवती चहा, चिमूटभर सुंठ आणि दोन मिऱ्या घालाव्यात, गूळ घालून वरून लिंबू पिळावे. चार दिवस तोंड वाकडे होईल, पाचव्या दिवशी होणार नाही.

एक सूचना आहाराची जाणकार म्हणून करणे माझे कर्तव्य आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीत मिळत नाही. दूध पूर्ण सोडणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याची गोळी घेतलीच पाहिजे. तिथे हट्ट करू नये. कॅल्शियमची काळजी मात्र तितकीशी नको, कारण शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते आणि तीळ तर त्याहून पुढे आहेत. वाढत्या वयाच्या मुलांबाबत, गर्भवती भगिनींबाबत निर्णय घाईने घेऊ नयेत.

काही ज्येष्ठांनी मला विचारले आहे की जैन व्यासपीठावरून चवीचे एवढे कौतुक शोभते काय? मी नम्रपणे म्हणते, ज्याला चव आहे तोच ती सोडू शकतो. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. दूध सोडलेल्या मुलाला आपण घरी फिके, कोरडे, वेगळे काढून ठेवलेले ताट दिले, तर तो पुढच्या सुट्टीला येईल, पण जेवायला बाहेर जाईल. बाहेर त्याला कोणी रात्रिभोजनाचे विचारीत नाही, पाणी गाळले की नाही, कंदमूळ घातले की नाही, हेही विचारीत नाही. एका नियमावरून वाद घालताना त्याचे बाकीचे दहा नियम सुटतील. आणि पंगतीत त्याला तूप नको म्हटल्यावर आग्रहाने वाढून ‘एका चमच्याने काय होते’ म्हणणारांना मी विचारते, तुमच्या पानात कोणी चमचाभर लसूण-चटणी वाढून हेच म्हटले तर?

म्हणून विश्वस्त मंडळाला मी विनंती केली होती आणि त्यांनी ती मान्य केली, याबद्दल त्यांचे मनःपूर्वक आभार. आज सूर्यास्तापूर्वी आपण सर्वजण खाली भोजनास बसू, तेव्हा डावीकडच्या दोन ओळी दुधाविना आहेत. पुरणपोळी तेलावर भाजलेली आहे. तिच्याबरोबरची गुळवणी नारळाच्या दुधातील आहे, कटाची आमटी सर्व ओळींत एकच आहे, आणि ताकाच्या जागी कोकमचे सरबत आहे. तूपवाढपी त्या दोन ओळींत फिरणार नाहीत. ज्यांना तूप हवे त्यांची सोय उजवीकडे नेहमीप्रमाणे आहे. आमटीत यंदाची संकेश्वरी मिरची आहे आणि ती बरीच तेज निघाली आहे, तेव्हा पानातला गुळाचा खडा आधीच संपवू नये.

जय जिनेंद्र.